फुंकण्याआधी मोजा

दक्षिण जर्मनीत, श्वाबियन जुरा डोंगररांगेतल्या होले फेल्स गुहेत २००८ च्या उन्हाळ्यात ग्रिफन गिधाडाच्या पंखातल्या हाडाचे १२ तुकडे मिळाले. ट्युबिंगेन विद्यापीठाच्या निकोलस कोनार्ड यांच्या पथकाने ते जोडले, तेव्हा २१.८ सेंटिमीटर लांबीची, बोरूएवढ्या म्हणजे ८ मिलिमीटर जाडीची बासरी तयार झाली. पाच भोके, एका टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन खाचा, दुसरे टोक तुटलेले. वय सुमारे ४० हजार वर्षे. शेजारच्या गायसेनक्लोस्टरले गुहेत हंसाच्या हाडाच्या आणि मॅमथच्या सुळ्याच्या बासऱ्या मिळाल्या होत्याच. २०१२ मध्ये तिथल्या थरांचे वय ४२ ते ४३ हजार वर्षांपर्यंत मागे गेले. असे काही सापडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाजते का? आणि त्यामागोमाग आग्रह येतो: मग वाजवून दाखवा.

आमचे म्हणणे सरळ आहे. हाडाचे, हस्तिदंताचे आणि लाकडाचे मूळ वाद्य कोणीही, कितीही मोठ्या वादकाने, एकदाही फुंकू नये. प्रतिकृती करावी, आणि एक नव्हे, अनेक कराव्यात. त्यातून निघालेल्या स्वरांना ‘आदिमानवाचे संगीत’ म्हणून विकू नये. तिसरी अट सगळ्यांत जड जाते, कारण पैसा तिथेच आहे.

विरुद्ध बाजू पोकळ नाही, हे आधी मान्य करू. वाद्य वाजवायलाच असते, काचेत ठेवले की ते नुसते हाडूक उरते, असे म्हणणाऱ्यांमध्ये चांगले वादक आहेत. हाताखाली नसलेला तबला बिघडतो, हे कुठल्याही तबलजीला विचारा. पण तबल्याची पुडी बदलता येते, शाई नव्याने भरता येते. होले फेल्सच्या बासरीला सुटा भाग नाही.

फुंकण्याने नेमके काय होते? आपला श्वास साधारण ३४ अंश तापमानाचा आणि जवळजवळ पूर्ण दमट असतो. हजारो वर्षे मातीत राहिलेल्या हाडातले कोलॅजन, म्हणजे हाडाला चिवटपणा देणारे प्रथिन, बरेचसे निघून गेलेले असते आणि उरलेला खनिज सांगाडा सच्छिद्र असतो. तो आतून ओल शोषतो. बाहेरची बाजू मात्र संग्रहालयाच्या कोरड्या हवेत असते. आतला थर फुगतो, बाहेरचा नाही, आणि हा ताण हाडाच्या लांबीच्या दिशेने, जिथे आधीच केसाएवढ्या चिरा असतात तिथे जातो. तुकडे चिकटवलेले असतील तर सांध्यावरचा गोंद आणि हाड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. पाच मिनिटांच्या वादनात डोळ्यांना काहीच दिसत नाही. चीर नंतर, वाळताना वाढते. शिवाय वादकाची थुंकी आत जाते. आतल्या भिंतीला चिकटलेले मेण, राळ, रंग, प्रथिनांचे अंश आज जरी कोणी तपासले नसले, तरी पंधरा वर्षांनी तपासण्याची पद्धत येऊ शकते. तेव्हा नमुन्यात सापडेल तो एकविसाव्या शतकातला वादक.

तुतनखामेनच्या तुताऱ्या प्रागैतिहासिक नाहीत, जेमतेम ३,३०० वर्षांच्या आहेत, पण दाखला तिथलाच द्यावा लागतो. १९३९ मध्ये बीबीसीने कैरोहून त्यांचे वादन प्रसारित केले. त्या तयारीतच चांदीच्या तुतारीला इजा झाली, असे त्या प्रसंगाच्या हकिगतींत येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वादनासाठी तिच्यात आधुनिक मुखनळी बसवली होती. म्हणजे जगाने ऐकला तो आवाज फारोच्या काळाचा नव्हताच. वस्तूही दुखावली आणि पुरावाही मिळाला नाही.

शंखाचे प्रकरण वेगळे, आणि तिथे आम्ही थोडी सूट देतो. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या मार्सुला गुहेतला सुमारे ३१ सेंटिमीटरचा शंख १९३१ मध्येच मिळाला होता. तेव्हा त्याला पाणी प्यायचे भांडे समजले गेले आणि तो तुलूझच्या संग्रहालयात पडून राहिला. पुन्हा नीट पाहिल्यावर दिसले की त्याचे टोक मुद्दाम तोडलेले आहे. टोक हा शंखाचा सगळ्यांत कठीण भाग. तो आपटून सहज तुटत नाही. आतल्या वेटोळ्यांना आरपार गोल भोके पाडलेली, तोंडाशी काहीतरी चिकटद्रव्याचा अंश, आत तांबड्या रंगाचे ठिपके. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले; वय सुमारे १८ हजार वर्षे. एका हॉर्नवादकाने मूळ शंखच वाजवला आणि तीन स्वर मिळाले, पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एक, काळी एक आणि पांढरी दोन यांच्या आसपासचे. स्पेनमधल्या कॅटलोनियात इसवीसनापूर्वी पाचव्या-चौथ्या सहस्रकातले असेच १२ शंख तपासले गेले. त्यांतले आठ वाजण्याच्या अवस्थेत होते आणि तेही मूळच वाजवले गेले. काही शंखांना समुद्री किड्यांनी पाडलेली भोके आहेत, म्हणजे ते मेलेल्या अवस्थेतच उचलले गेले. मांसासाठी नव्हे, आवाजासाठी.

शंखाला सूट का? कारण तो जाड चुनखडी पदार्थ आहे, हाडासारखा ओल शोषून वाकत नाही, आणि त्याचा नाद आतल्या वेटोळ्याच्या संपूर्ण मार्गावर ठरतो. तो बाहेरून घेतलेल्या छायाचित्रांतून मोजता येत नाही. तरीही क्रम ठरलेला हवा असे वाटते. आधी सीटी स्कॅन, मग प्रतिकृतीवर सराव, मग आतल्या अंशांचे नमुने घेऊन ठेवणे, आणि शेवटी, खरोखर गरज उरली तरच, काही सेकंदांचे एकच वादन. आपल्या आरतीतला शंख रोज वाजतो म्हणून १८ हजार वर्षांच्या शंखालाही चालेल, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण आरतीतला शंख फुटला तर दुसरा आणता येतो.

दगडाबाबत लोक सगळ्यांत बेफिकीर असतात. दगडाला काय होणार? सहाराच्या वाळवंटातून फ्रान्समध्ये आलेले लांबट, घोटीव नवाश्मयुगीन दगड पॅरिसच्या संग्रहालयात कित्येक वर्षे मुसळ-वरवंटे म्हणून नोंदवलेले होते. संशोधक एरिक गोंतिए यांनी ठोकून पाहिल्यावर ते घंटेसारखे वाजले, आणि २०१४ मध्ये त्या मूळ दगडांवरच पॅरिसला मैफल झाली. ठोकून पाहिले नसते तर शोधच लागला नसता, हे खरे. पण शोध लागायला एक हलकी टिचकी पुरते. मैफलीला हजारो ठोके लागतात. दगडी वाद्यावरचा खरा पुरावा म्हणजे त्यावरच्या जुन्या ठोक्यांच्या खुणा. कुठे ठोकले, किती जोरात, कशाने, हे त्या बारीक खळग्यांतून कळते. नवा ठोका जुन्या खुणेवर बसला की ती खूण गेली. हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या वाजणाऱ्या खांबांवर पर्यटकांनी इतके ठोकले, की शेवटी हात लावायलाच बंदी घालावी लागली.

दगडी पट्टी तपासायचीच असेल तर पद्धत आहे. तिच्या एकूण लांबीच्या २२ टक्के अंतरावर, दोन्ही टोकांकडून मोजून, मऊ फोमचे दोन आधार द्यायचे. सुटी पट्टी कंप पावते तेव्हा याच दोन ठिकाणी हालचाल जवळजवळ शून्य असते, त्यामुळे आधार नाद खात नाहीत. आधार मध्ये सरकले की ‘टण्’चा ‘ठक्’ होतो आणि परीक्षक ‘हा वाजत नाही’ असे लिहून मोकळा होतो. ठोकायला रबरी टोकाची हलकी काडी घ्यायची, एकदाच ठोकायचे, आणि ध्वनिमुद्रण आधीच चालू ठेवायचे. ओडिशातल्या संकरजंग इथल्या घासलेल्या लांबट दगडी पट्ट्या वाद्य होत्या की नाही यावर वाद आहे. असे मोजमाप त्या वादाला किमान पाया देते, निर्णय देत नाही.

आता हाडाच्या बासरीची प्रतिकृती. इथे लोक समजतात त्याच्या उलटे आहे: बासरीत नळीचे द्रव्य फारसे बोलत नाही, आतली हवा बोलते. नळीची आतली रुंदी, लांबी, भोकांच्या जागा आणि ज्या कडेवर फुंक आपटते ती कड, या चार गोष्टी बरोबर असतील तर प्लॅस्टिकची बासरीही जवळपास तोच स्वर देते. म्हणून सूक्ष्म सीटी स्कॅनवरून केलेली त्रिमितीय छपाई अभ्यासाला चालते. मात्र प्लॅस्टिकचा धागा वितळवून थर चढवणाऱ्या छपाईत आतून पायऱ्या राहतात आणि फुंकीची कड बोथट होते. आवाजात हवा जास्त, नाद कमी. रेझिनची छपाई घ्यावी आणि कड हाताने धारदार करावी. दगडाचे नेमके उलटे: तिथे द्रव्य म्हणजेच सर्व काही, त्यामुळे दगडी वाद्याची प्लॅस्टिक प्रतिकृती फक्त पाहायला ठेवावी.

वाद्य कसे घडवले हे समजायचे तर मात्र हाड आणि चकमकीचा दगड हाती घ्यावा लागतो. पक्ष्याचे हाड मुळात पोकळ आणि पातळ. दोन्ही टोके दगडी पात्याने गोल फिरवत कापायची. एका बाजूने जोर दिला तर उभी चीर जाते. मग जिथे भोक हवे तिथे आधी पृष्ठभाग खरवडून बशीसारखा खोलगट करायचा, आणि तो पातळ झाला की मध्ये टोचायचे. सरळ भोक पाडायला गेले की गोल हाडावरून टोक घसरते आणि भिंत फुटते. गायसेनक्लोस्टरलेच्या बासऱ्यांवर हा खरवडलेला खोलगटपणा स्पष्ट आहे. होले फेल्सच्या बासरीवर तर भोकांजवळ बारीक रेघा आहेत, बहुधा जागा आखून घेतल्याच्या. मॅमथच्या सुळ्याची बासरी याहून अवघड: भरीव सुळा आधी बासरीच्या आकाराला आणायचा, मग लांबीत दुभंगायचा, दोन्ही फाका आतून कोरायच्या, कडांना आडव्या खाचा पाडून त्या जुळवायच्या आणि राळेने हवाबंद करायच्या. सांधा कुठे एका जागी जरी गळला, तरी बासरी मुकी. हंसाचे हाड हाताशी असताना हा खटाटोप कोणी केला असेल, तर त्याला ते द्रव्यच हवे होते. इतकी गोष्ट प्रतिकृती करताना कळते, फुंकून कळत नाही.

आणि मग आकड्यांचा प्रश्न. सगळी भोके बंद केल्यावर दोन्हीकडून उघड्या नळीचा स्वर ढोबळमानाने आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. २१.८ सेंटिमीटरला तो सेकंदाला सुमारे ७८७ कंपने येतो. पण टोक तुटलेले आहे. मूळ बासरी याहून दोनच सेंटिमीटर जास्त लांब होती असे धरले तर तो ७२० वर उतरतो: पेटीवर सुमारे दीड पट्टीचा फरक. उघड्या भोकांच्या स्वरांना याचा फटका कमी बसतो, पण खालचा स्वरच हलला की सप्तकाचे नाव बदलते. हवा १० अंशांची की ३० अंशांची, यावर अर्ध्या पट्टीहून थोडा जास्त फरक. श्वासाने नळी कोमट होते म्हणून प्रत्यक्षात कमी, तरी तापमान लिहायलाच हवे. त्यात ही नळी लांब आणि अरुंद. अशा नळीत खालचा स्वर धरून ठेवणे कठीण जाते, जरा जोर वाढला की ती वरच्या सप्तकात उडी मारते. नवखा माणूस तोच खरा स्वर समजतो.

पुढची पंचाईत म्हणजे ती फुंकायची कशी? खाचेवर सरळ, की कडेवर तिरकी, की तोंडाशी पत्ती लावून, सनईसारखी? प्रत्येकाने स्वर बदलतो. आणि वादक? ओठ जरा पुढे-मागे केले की आडव्या-उभ्या कुठल्याही बासरीवर स्वर चांगलाच वर-खाली सरकतो. पाश्चात्त्य संगीतात वाढलेला वादक नकळत आपल्या सप्तकाकडे ओढतो, आपला वादक आपल्या. चार-पाच स्वर हाती आले की ज्याला भूप हवा त्याला भूपही सापडतो. म्हणून आमची मागणी अशी: आज जशी आहे तशी, कमीत कमी लांबी धरून आणि जास्तीत जास्त लांबी धरून अशा तीन प्रतिकृती, प्रत्येक किमान दोन प्रकारे फुंकलेली, दोन वेगळ्या परंपरांतले वादक, आणि शक्य तिथे ठरावीक दाबाने हवा सोडणारे यंत्र. बारा-पंधरा संच होतील आणि ते एकमेकांशी जुळणार नाहीत. तो सगळा पसारा मोजमापांच्या फायलींसह खुला करावा. त्यातला सर्वांत गोड संच निवडून ध्वनिफीत काढणे हा व्यवसाय आहे, संशोधन नव्हे. व्यवसायाला विरोध नाही. वेष्टनावर ‘आजच्या संगीतकाराची रचना, प्राचीन वाद्याच्या प्रतिकृतीवर’ एवढे छापले की झाले.

वाजते म्हणून ते वाद्यच, ही तर निव्वळ चूक आहे. स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे गुहेत पुरातत्त्वज्ञ इव्हान तुर्क यांना १९९५ मध्ये गुहा-अस्वलाच्या पिल्लाच्या मांडीचे हाड मिळाले, दोन पूर्ण भोकांचे, ५० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. म्हणजे निअँडरथलांची बासरी! प्रतिकृतीवर सुरेख वादन झाले. पण भोके तरसासारख्या श्वापदाच्या दातांची आहेत, असे म्हणणारे संशोधक गप्प बसलेले नाहीत, आणि वादन कितीही सुरेख असले तरी त्यांना उत्तर मिळत नाही. रिकामी बाटलीही फुंकली की वाजते. प्रश्न भोकाच्या कडेचा आहे: खरवडल्याच्या खुणा, दाताच्या विरुद्ध बाजूचा दाब, वापराने आलेली झिलई. ते भिंगाखाली ठरते, रंगमंचावर नाही.

उलट प्रतिकृतीचा योग्य वापर पाहायचा तर इस्राएलमधल्या एनान-मल्लाहाकडे जावे. तिथल्या नातुफियन, म्हणजे शेतीच्या उंबरठ्यावरच्या शिकारी-संकलक लोकांच्या, वस्तीतल्या हजाराहून जास्त पक्षी-हाडांत बदक-पाणकोंबडीसारख्या लहान पक्ष्यांच्या पंखांच्या सात शिट्ट्या ओळखल्या गेल्या. वय सुमारे १२ हजार वर्षे, प्रसिद्धी २०२३ ची. बदकाची हाडे वापरून प्रतिकृती केल्या, त्यांचा आवाज मोजला आणि तो त्या परिसरातल्या पक्ष्यांच्या आवाजांशी ताडला. ससाणा आणि शिक्रा गटातल्या शिकारी पक्ष्यांच्या सादेशी तो जुळला. इथे प्रतिकृतीने एक तपासता येण्याजोगा प्रश्न विचारला आणि उत्तर दिले. मोठ्या पक्ष्यांची हाडे त्या वस्तीत भरपूर होती, ती वाजवायला सोपी. तरी अवघड, बारीक हाडे निवडली गेली, म्हणजे तो बारीक आवाजच हवा होता. चीनच्या हेनान प्रांतातल्या जियाहूमध्ये क्रौंचाच्या हाडाच्या एका बासरीवर सातव्या भोकाशेजारी आणखी एक टिचभर भोक आहे, बहुधा बेसूर स्वर सुधारायला पाडलेले. आपल्याकडे बासरी करणारा आधी भोक लहान ठेवतो, स्वर ऐकतो आणि मग ते वाढवत नेतो, कारण वाढलेले भोक परत लहान होत नाही. तो ही दुरुस्ती एका नजरेत ओळखेल. अशा कारागिराला पथकात घ्यायला पैसे फार लागत नाहीत.

आपल्याकडे हे करायचे तर पहिली अडचण कायद्याची, आणि ती योग्य आहे. गिधाडाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. मेलेल्या गिधाडाचे हाडही परवानगीशिवाय बाळगता येत नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने इथली गिधाडे जवळजवळ संपवली, २००६ मध्ये त्यावर बंदी आली, तरी संख्या सावरलेली नाही. प्रयोगशाळेला पाळीव टर्कीचे किंवा हंसबदकाचे हाड पुरते. शाळेला तेही नको. पातळ बोरू २२ सेंटिमीटरवर कापा, एका कडेला तीन-चार मिलिमीटरची खाच द्या, मोबाइलवर कंपने मोजा, मग टोक सेंटिमीटरभर कापून पुन्हा मोजा. इतिहासाच्या आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावा असा हा तास आहे.

दुसरी अडचण आम्हाला जास्त सतावते. बल्लारीजवळच्या कुपगल टेकडीवर डोलेराइट या कठीण काळ्या खडकाच्या शिळा आहेत, ठोकल्यावर घणघणणाऱ्या, ठोकून खळगे पडलेल्या. भोवती बैलांची आणि माणसांची चित्रे कोरलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची नोंद झाली, मग त्या विस्मरणात गेल्या, आणि पुरातत्त्वज्ञ निकोल बोइव्हिन यांनी २००४ मध्ये त्यांच्यावर पुन्हा लिहिले, ते टेकडी खडीसाठी फुटत असताना. अशी शिळा का वाजते? ती दोन-तीन बिंदूंवरच टेकलेली असते म्हणून. शेजारच्या सुरुंगाने ती तसूभर सरकली, किंवा खाली भराव शिरला, तर दगड शाबूत आणि नाद गेलेला. तो परत बसवता येत नाही. म्हणजे इथे जपायची आहे ती वस्तू नव्हे, मांडणी; कुंपण शिळेला नव्हे, टेकडीला हवे.

जे टिकत नाही त्याचे काय, हाही प्रश्न आहे. जव्हार-मोखाड्याकडचा तारपा भोपळ्याचा, बांबूचा, ताडाच्या पानाचा आणि मेणाचा. पिंपळाच्या पानाची पिपाणी तर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. ते गाव उद्या गाडले गेले आणि पाचशे वर्षांनी खणले, तर पायातले घुंगरू मिळतील, तारपा नाही. त्यामुळे युरोपात ४० हजार वर्षांपूर्वीची वाद्ये मिळतात म्हणून संगीत तिथे जन्मले, हे म्हणणे म्हणजे हाडे जपणाऱ्या गुहांना संगीताचे श्रेय देणे झाले.

राहिले आपले कपाट. मार्सुलाचा शंख, एनानच्या शिट्ट्या, सहाराचे दगड, तिन्ही शोध संग्रहालयाच्या खणांत लागले, मातीत नव्हे. घोड नदीकाठच्या इनामगावात, इसवीसनापूर्वी १६०० ते ७०० च्या सुमाराच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, प्राण्यांची हाडे मोठ्या संख्येने मिळाली, आणि पुण्यात त्यांच्यावर उत्तम काम झाले, पण ते काय खाल्ले जात होते या प्रश्नाभोवती. पक्ष्यांची लांब हाडे वेगळी काढून एकदा या नजरेने बघायला हवीत. दहापट भिंग आणि टेबलावर एका बाजूने टाकलेला तिरका उजेड पुरतो. टोक तुटलेले आहे की गोल कापलेले. पृष्ठभागावर बशीसारखा खरवडलेला भाग आहे का. एकाच कडेला झिलई आहे का. भोकाजवळ आखल्यासारखी रेघ आहे का. असे हाड सापडले तर तोंडाला लावू नये, धुऊ नये, आतली माती काढू नये. त्याच पिशवीत, त्याच मातीसकट, मऊ कागदात गुंडाळून ठेवावे आणि चिठ्ठीवर खड्डा, थर आणि तारीख लिहावी.